अर्धवट सोडलेली मसल कार विकत घ्यायची असेल तर

'१९६९ कॅमॅरो, बॉडीचं काम ऐंशी टक्के पूर्ण, इंजिन रिबिल्ट, सगळे पार्ट सोबत, वेळ नाही म्हणून विकतोय.' क्रेगलिस्ट, फेसबुक मार्केटप्लेस, हेमिंग्ज, कुठेही पाहा, अशा जाहिराती बाराही महिने असतात. फोटोही साधारण एकाच वळणाचे. करड्या प्रायमरमधली बॉडी, आत सीट नाहीत, डिकीत खोकी आणि शेजारी गवत कापायचं यंत्र. किंमत बघून मनातल्या मनात हिशेब सुरू होतो. तयार गाडी एवढ्याला जाते, ही तिच्या तिसऱ्या हिश्शात मिळतेय, आणि उरलंय काय तर वीस टक्के काम.

हा हिशेब बहुतेक वेळा अंगाशी येतो. उरलेल्या त्या वीस टक्क्यांतच रंग, क्रोम, वायरिंग, काचा आणि सीट येतात. म्हणजे ज्याला पैसा लागतो ते जवळजवळ सगळंच.

माझं मत विचाराल तर मळकी, खिळखिळी, पण कुणी हात न लावलेली गाडी ही अर्धवट उघडलेल्या गाडीपेक्षा बरी. तिच्यात काय सडलंय ते निदान दिसतं. अर्धवट गाडीबरोबर आधीच्या माणसाने घेतलेले सगळे निर्णय तुमच्या गळ्यात पडतात, आणि त्यातले बरेचसे प्रायमरखाली झाकलेले असतात. तरीही अर्धवट गाडी घेऊच नये असं नाही. कधी कधी ती फार चांगल्या भावात पदरात पडते. फक्त एक पथ्य पाळायचं: झालेल्या कामाचा पुरावा मिळेपर्यंत त्याची किंमत शून्य धरायची. पुढचं सगळं त्या पुराव्याबद्दल आहे.

गाडी ठरवण्याआधी

१९६४च्या पॉन्टिॲक जीटीओपासून साधारण १९७२पर्यंतच्या, मोठं व्ही-एट इंजिन घातलेल्या मधल्या आणि लहान आकाराच्या अमेरिकन गाड्या, म्हणजे ढोबळमानाने मसल कार. शेव्हेल, रोड रनर, चार्जर, जीटीओ या त्यातल्या ठळक. मस्टँग आणि कॅमॅरोला जाणकार 'पोनी कार' म्हणतात, पण प्रोजेक्टच्या बाजारात सगळ्या एकाच पंगतीला बसतात.

पहिली अर्धवट गाडी घेत असाल तर मनातली स्वप्नातली गाडी थोडी बाजूला ठेवा आणि पार्ट कशाचे मिळतात ते बघा. पहिल्या पिढीची कॅमॅरो आणि साठच्या दशकातली मस्टँग यांचा जवळपास प्रत्येक पत्रा आज नवा मिळतो. डायनाकॉर्न कंपनी तर या गाड्यांची अख्खी बॉडी नवी बनवून विकते. शेव्हेलचंही बरं आहे. पण ओल्डस्मोबिल, ब्युइक किंवा एएमसीकडे वळलात की एखाद्या दिव्याच्या रिंगेसाठी किंवा दाराच्या पट्टीसाठी पेन्सिल्व्हेनियातल्या कार्लाइल आणि हर्शीच्या जुन्या पार्टांच्या बाजारात चपला झिजवाव्या लागतात. त्यात मजा आहे, नाही असं नाही. पण ती दुसऱ्या गाडीच्या वेळची मजा आहे.

फोनवर विचारायचा एकच खरा प्रश्न

काम का थांबलं?

घटस्फोट, बदली, आजारपण, घरधन्याचं निधन ही माणसाच्या आयुष्यातली कारणं. यात गाडीचा दोष नसतो. अशा घरी अनेकदा पावत्यांची फाइल आणि फोटोंचा अल्बम मिळतो. याउलट 'दुसरा प्रोजेक्ट सुरू केला', 'इंटरेस्ट गेला', 'बॉडीवाल्याने फसवलं' अशी उत्तरं आली की कान टवकारायचे. पत्रा कापल्यावर आत अपेक्षेपेक्षा जास्त गंज निघाला आणि धीर सुटला, असं बहुतेकदा त्यामागे असतं. माणूस खोटं बोलतोच असं नाही. त्याला स्वतःलाही ते कबूल करायचं नसतं.

मग विचारा: ही गाडी तुम्ही स्वतः उघडलीत, की उघडलेलीच घेतलीत? अर्धवट गाड्या हातोहात फिरतात. तिसऱ्या मालकाला कुठला बोल्ट कुठला हे सांगता येत नाही, आणि कधी कधी अर्धे पार्ट दुसऱ्याच गाडीचे असतात. उघडतानाचे फोटो आहेत का, हेही याच फोनवर विचारून घ्या. असतील तर आधी ते मागवा, आणि गाडी बघायला नंतर जा.

कागद आणि नंबर

गाडीच्या मालकीचा कागद, म्हणजे टायटल, विक्रेत्याच्याच नावावर हवा. अर्धवट गाड्यांत नेहमी आढळणारी भानगड अशी, की आधीच्या मालकाने सही करून दिली, पण मधल्या माणसाने गाडी स्वतःच्या नावावर केलीच नाही. ते टायटल तसंच तुमच्या हातात ठेवलं जातं. हे बेकायदा आहे, आणि आधीचा मालक वारलेला असेल तर निस्तरायला महिने जातात. मृत माणसाची गाडी असेल तर विकणाऱ्याला तो अधिकार कोर्टाने दिलाय का, ते बघा. न्यूयॉर्क राज्य १९७२पर्यंतच्या गाड्यांना टायटल देतच नाही. तिथे हस्तांतर होणारं रजिस्ट्रेशन चालतं, त्यामुळे 'टायटल नाही' याचा अर्थ राज्यागणिक बदलतो. तुमच्या राज्याच्या डीएमव्हीला, म्हणजे वाहन नोंदणी कार्यालयाला आधीच विचारून ठेवलेलं बरं.

आता व्हिन, म्हणजे गाडीचा ओळख नंबर. १९८१पासून तो १७ अक्षरी झाला. त्याआधी प्रत्येक कंपनीची पद्धत वेगळी होती, त्यामुळे नेहमीच्या ऑनलाइन तपासणीत जुना नंबर बसत नाही. तो स्वतः वाचायला शिकावं लागतं, आणि ते अवघड नाही. १९६९ची कॅमॅरो '१२४३७९एन' ने सुरू होत असेल तर पहिला १ शेव्हरोलेचा, २४ म्हणजे व्ही-एट कॅमॅरो, ३७ म्हणजे दोन दारांची कूप, ९ म्हणजे १९६९ आणि एन म्हणजे ओहायोमधला नॉरवुड प्लांट. तिथे २४ऐवजी २३ दिसला तर गाडी सहा सिलिंडरची निघाली होती, मग बॉनेटखाली आज काहीही असो. मात्र ही गाडी एसएस किंवा झी-२८, म्हणजे जास्त भाव येणारी खास मॉडेलं, यांपैकी आहे का, हे त्या वर्षीचा व्हिन सांगत नाही. त्यामुळे 'ओरिजिनल एसएस' म्हणून दोन पैसे जास्त मागणाऱ्याकडे जुने कागद मागायचेच. शेव्हेलमध्ये १९६६ ते १९६८ या वर्षांत १३८ने सुरू होणारा नंबर म्हणजे खरी एसएस ३९६. १९६९पासून तीही सोय गेली.

फोर्डमध्ये पाचवं अक्षर इंजिनाचं. '५टी०९के' म्हणजे १९६५ची फास्टबॅक मस्टँग, २८९ हाय परफॉर्मन्स इंजिनाची, आणि टी म्हणजे मटचन प्लांट. हा प्लांट नावाने मटचन, पण होता न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये, रूट वनवर. २००४मध्ये बंद झाला. ओक ट्री रोडवर कोथिंबीर आणायला जाणाऱ्या आपल्या लोकांपैकी किती जणांना ठाऊक असेल की साठच्या दशकात मस्टँग त्याच गावात तयार व्हायच्या! क्रायसलरच्या गाड्यांतही पाचवं अक्षर इंजिनाचंच; १९७०च्या चॅलेंजरमध्ये ते आर असेल तर ४२६ हेमी, म्हणजे फार मोलाचं इंजिन. म्हणूनच त्या एका अक्षरासाठी व्हिनच्या खोट्या पट्ट्या बनतात.

अर्धवट गाडीचा एक फायदा इथे होतो. १९६८-६९च्या कॅमॅरोत व्हिनचा काही भाग फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्यावर, हीटरच्या डब्यामागे आणि पुढच्या काचेखालच्या काउलच्या पत्र्यावर लपवून ठोकलेला असतो. तयार गाडीत तो बघायचा तर हीटर काढावा लागतो, उघड्या गाडीत नुसती बॅटरी मारली की दिसतो. डॅशवरची पट्टी आणि हा नंबर जुळलाच पाहिजे. मस्टँगमध्ये याच्या उलट धोका आहे. तिथे व्हिन इंजिनाच्या डाव्या बाजूच्या आतल्या पत्र्यावर, म्हणजे एप्रनवर ठोकलेला असतो. गंजला म्हणून तो पत्रा बदलताना नंबरचा तुकडा भंगारात गेलेल्या गाड्या असतात. दाराची पट्टी आहे ना, असं विक्रेता म्हणेल. दार काही बोल्ट काढून कुणालाही बदलता येतं. व्हिन काढणं किंवा खाडाखोड करणं हा संघराज्याच्या कायद्याने गुन्हा आहे, तेव्हा नंबर जुळत नसेल तर तिथूनच परत फिरायचं. भाव कितीही पाडून दिला तरी.

पॉन्टिॲक असेल तर पीएचएस या संस्थेकडून मूळ बिलाची प्रत मिळते, १९६७पासूनच्या फोर्डसाठी मार्टी रिपोर्ट, म्हणजे कारखान्याच्या नोंदींवरून काढलेला अहवाल मिळतो. दोन्हींचा खर्च किरकोळ. शेव्हरोलेच्या नशिबात अशी सोय नाही, म्हणूनच तिथे नकली एसएस सर्वांत जास्त.

पत्रा: इथे अर्धा दिवस द्या

इंजिन, गिअरबॉक्स, सीट, सगळं पैसे टाकून बदलता येतं. पत्र्याचं काम तासांवर मोजलं जातं. चांगल्या दुकानाचा दर बऱ्याच ठिकाणी ताशी १०० डॉलरच्या वर आहे, आणि पूर्ण रिस्टोरेशनला हजार तास लागणं काही विशेष नाही. तेव्हा जुने कपडे, बॅटरी, लोहचुंबक, छोटी हातोडी, टोचा आणि मेजपट्टी घेऊन जा आणि गाडीखाली झोपा.

आधी प्रायमरबद्दल. प्रायमर बघून 'रंगाला तयार' असं वाटतं. साधा प्रायमर ओलावा शोषतो. इपॉक्सी प्रायमर तेवढा पाणी अडवतो. गाडी साध्या प्रायमरमध्ये चार-पाच वर्षं गॅरेजात राहिली असेल, त्यातून मिशिगन किंवा न्यू जर्सीच्या दमट उन्हाळ्यात, तर त्याखाली गंजाने पुन्हा पाय पसरलेले असतात. तो सगळा प्रायमर खरवडून पत्रा उघडा करावा लागेल असं धरूनच चाला. विक्रेत्याकडे इपॉक्सीची पावती असेल तर गोष्ट वेगळी.

मग चुंबक. फडक्यात गुंडाळून मागच्या चाकांच्या कमानी, दारांचा खालचा भाग आणि मागच्या काचेखालची पट्टी यांवरून फिरवा. जिथे पकड सैल होते तिथे लांबी, म्हणजे पुट्टी भरलेली आहे. पातळ थर सगळ्याच गाड्यांना असतो, त्याने बिचकू नका. चुंबक घरंगळून पडला तर मात्र खाली पत्राच नाही. छताला व्हिनाइल असलेल्या गाड्यांत त्या कापडाखाली पाणी मुरतं, म्हणून काचांच्या कडा नखाने दाबून बघा.

नवे पत्रे लावलेत असं सांगत असतील तर ते खालून बघा. कारखान्याच्या जोडांवर ठरावीक अंतराने गोल, किंचित दबलेले स्पॉट वेल्डचे ठसे असतात. हाताने केलेलं वेल्डिंग वेगळं ओळखू येतं, आणि नीट केलं असेल तर त्यात वावगं काही नाही. वाईट काम म्हणजे जुन्या कुजलेल्या फ्लोअरवरच नवा पत्रा अंथरून कडेने टाके मारणं. वरून चकाचक दिसतं, खालून दोन थरांच्या फटीत टोचा सहज आत जातो, आणि त्या फटीत गंज चालूच राहतो. असं दिसलं की त्या माणसाचं बाकी सगळं कामही त्याच मोलाचं धरा.

मस्टँगच्या १९६५ ते ६८ गाड्यांत काउल, म्हणजे पुढच्या काचेखालची हवेची जाळी, हमखास सडते. एक तांब्या पाणी जाळीत ओता आणि आत डॅशखाली बॅटरी धरा. थेंब आले तर वरचा पत्रा एकेक स्पॉट वेल्ड ड्रिल करून काढावा लागणार. हे काम आधीच्या माणसाने सोडून फ्लोअर मात्र नवं बसवलं असेल, तर नवं फ्लोअरही पुन्हा सडणार. अर्धवट गाड्यांत हे फार दिसतं, कारण फ्लोअर बदलणं सोपं आणि काउल कटकटीचं.

गाडी वाकडी तर नाही ना, हे मेजपट्टीने कळतं. मस्टँग आणि क्रायसलरच्या गाड्यांना वेगळी चेसिस नाही, बॉडी हाच सांगाडा. कॅमॅरोला पुढे बोल्टने जोडलेली अर्धी फ्रेम आहे, शेव्हेल आणि जीटीओला पूर्ण. सांगाडाच असलेल्या बॉडीचे फ्लोअर आणि रॉकर, म्हणजे दाराखालचे आडवे पत्रे, आधार न देता एकदम कापले की बॉडी मध्ये बसते. कन्व्हर्टिबल तर हमखास. दाराच्या चौकटीचे दोन्ही तिरके कोपरे मोजा, डावीकडचं माप उजवीकडच्याशी ताडून पाहा. दारं काढून ठेवलेली असतील तर विक्रेत्याला ती बसवायला सांगा, मदत तुम्ही करा. दार लागत नसेल तर 'फक्त बिजागरी ॲडजस्ट करायचीय' हे ऐकून घ्यायचं आणि वहीत खर्च मांडायचा. पूर्ण फ्रेमच्या गाडीत मागच्या ॲक्सलवरून फ्रेम वर चढते तिथे आणि बॉडीच्या माउंटपाशी हातोडीने टिचक्या मारा. खणखणीत आवाज यायला हवा. भद्द आवाज म्हणजे आत पापुद्रे सुटलेत.

वाळूचा मारा करून साफ केलेली बॉडी असेल तर बॉनेट, छत आणि डिकीचं झाकण यांवर तिरका उजेड पाडून बघा. सपाट पत्रा जास्त माऱ्याने लहरी धरतो, आणि ते सरळ करणं महाकठीण.

खोकी

'सगळे पार्ट सोबत आहेत' हे वाक्य विक्रेता बहुधा मनापासून बोलतो. पण त्याने मोजलेलं नसतं.

जाण्याआधी त्या वर्षीच्या मॉडेलचं फॅक्टरी असेंब्ली मॅन्युअल मागवा. पुनर्मुद्रित प्रती स्वस्तात मिळतात. त्यावरून यादी करा आणि प्रत्येक खोकं जमिनीवर रिकामं करा. नव्या रबराच्या पट्ट्या आणि चकचकीत पॅकेटं आधी समोर केली जातील. ती कॅटलॉगमधून उद्याही मिळतात, आणि सात-आठ वर्षं पडून राहिलेलं रबर कडक झालेलं असतं. तुम्ही शोधायचं ते कुरूप, काळं सामान: अल्टरनेटर आणि बंपरचे ब्रॅकेट, सीटचे रूळ, काचा वरखाली करायची यंत्रणा, क्लचच्या पेडलांचा जोड, शिफ्टरचे दांडे, मूळ एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, योग्य नंबरचा कार्बोरेटर, ग्रिल, काचांभोवतीच्या स्टीलच्या पट्ट्या. एकेक ब्रॅकेट क्षुल्लक वाटतो, पण तो नसला की गाडी आठवडेच्या आठवडे उभी राहते.

एका गॅरेजात मी बघितलेली शेव्हेल आठवते. पार्ट झिपलॉकच्या पिशव्यांत, प्रत्येक पिशवीवर मार्करने 'उजवं दार, वरची बिजागरी, ३ बोल्ट, १ शिम' असं लिहिलेलं, आणि शिम, म्हणजे फट भरायची पातळ चकती, खरोखर आत. बॉडीला पोचे होते, इंजिन नव्हतंच. तरी त्या गाडीला मी झालेल्या कामाचे पैसे बिनदिक्कत मोजले असते. पेंटच्या डब्यात सगळे नटबोल्ट एकत्र ओतलेले दिसले, तर हिशेबात तासांचा एक मोठा आकडा वाढवा.

'क्रोम प्लेटरकडे आहे', 'इंजिन मशीन शॉपमध्ये आहे' असं सांगत असतील तर तिथे जाऊन बघितल्याशिवाय पैसे नाहीत. दुकानाची उधारी थकली असेल तर ते माल अडवून ठेवू शकतात.

इंजिन, थोडक्यात

पावती नसलेलं 'रिबिल्ट' इंजिन हे उघडून बघायचं इंजिन. क्रँकच्या बोल्टला लांब पाना लावून हाताने दोन पूर्ण फेरे फिरतंय का ते बघा. स्पार्क प्लगच्या भोकातून बोअरस्कोप, म्हणजे बारीक कॅमेरा घाला. सिलिंडरच्या भिंतीवर गंजाचे चट्टे असतील तर नवीन रिंगा वाया गेल्या. पिस्टनच्या माथ्यावर ०३० किंवा ०६० असा आकडा दिसला तर बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, इंचाच्या तितक्या हजारांश भागाने वाढवलाय. ०६० झालेला ब्लॉक पुन्हा बोअर करायला फारशी जागा उरत नाही.

मूळ इंजिनाचे पैसे वेगळे मागत असतील तरच खोलात जा. १९६८पासून ब्लॉकवर व्हिनचा काही भाग ठोकलेला असतो. शेव्हरोलेमध्ये तो उजव्या सिलिंडर हेडच्या पुढच्या पट्टीवर सापडतो. ब्लॉकचा वरचा भाग घासला की तो खऱ्या रिबिल्टमध्येही जातो, आणि पुन्हा खोटा ठोकताही येतो. म्हणून ओतकामाची तारीखही बघा: 'सी १४ ९' म्हणजे १४ मार्च १९६९. ब्लॉक गाडीनंतर ओतलेला असेल तर गोष्ट तिथेच संपली.

आकडेमोड आणि बोलणी

जुन्या गाड्यांचा विमा उतरवणाऱ्या हॅगर्टी कंपनीच्या किंमत यादीत तिसऱ्या दर्जाचा, म्हणजे चालू आणि नीटनेटक्या गाडीचा भाव बघा. पहिल्या दर्जाचा नको, तुमची गाडी तिथे जाणार नाही. त्यातून उरलेल्या कामाचा खर्च वजा करा, आणि तो खर्च मांडताना तुमच्या अंदाजाची दीडपट धरा. बॉडी आणि रंग बाहेर करून घेतला तर एवढ्यानेच दहा-दहा हजारांचे गठ्ठे संपतात. बहुतेक गाड्यांत उत्तर ऋण येईल. अस्सल कागदपत्रांची हेमी किंवा एलएस-६ इंजिनाची शेव्हेल अशी दुर्मिळ गाडी सोडली तर मजुरीसकट हिशेब कधी जुळत नाही. त्यामुळे फायद्यासाठी घेत असाल तर तयार गाडी घ्या; स्वतःच्या हाताने काम करायची हौस असेल तरच पुढे जा.

बोलणी करताना गाडीला नावं ठेवू नका. त्या माणसाने तिच्यात वर्षं घातलेली असतात. यादी पुढे करा: हे नाही, हे पुन्हा करावं लागेल, म्हणून माझा आकडा हा. इसार दिलात तर पावती घ्या. विक्रीच्या कागदावर पार्टांची यादी जोडून दोघांच्या सह्या करा, आणि उरलेले पैसे बँकेतच, कॅशियर्स चेकने.

आणण्याआधी घरी

टाउनहाउसात राहत असाल तर सोसायटीचे नियम आधी वाचा. बिनरजिस्टर, न चालणारी गाडी ड्राइव्हवेवर उभी करायला बहुतेक ठिकाणी मनाई असते, आणि अनेक गावांचा तसा स्थानिक कायदाही असतो. दोन गाड्यांचं गॅरेज असलं तरी उघडलेली गाडी दोन्ही जागा खाते, कारण पार्टांना तेवढीच जागा लागते. घरच्यांची रोजची गाडी डिसेंबरात बर्फात उभी राहणार, हे त्यांना आत्ताच सांगा. विमाही काढा: रिस्टोरेशन चालू असलेल्या गाड्यांसाठी हॅगर्टीसारख्या कंपन्या वेगळी पॉलिसी देतात.

उचलायला जाताना विंच असलेला फ्लॅटबेड मागवा. चार चाकं आणि स्टिअरिंग कॉलम जागेवर हवेत, टायरात हवा हवी. नसेल तर विक्रेत्याला दोन दिवस आधी सांगा. खोकी मात्र ट्रकवाल्याच्या हवाली न करता स्वतःच्या गाडीतून आणा.

घरी आल्यावर पहिल्याच शनिवारी पान्याला हात लावू नका. सगळं सामान जमिनीवर मांडून फोटो काढा, यादीशी ताडा, उघड्या पत्र्यावर गंजरोधक मारा, आणि जे सापडत नाही त्याची यादी त्याच आठवड्यात विक्रेत्याला पाठवा. त्याच्या गॅरेजच्या माळ्यावर अजून एखादं खोकं असतंच.